डॉ. झाकीर हुसेन : वसतिगृहालाच शाळा मानणारा शिक्षक

छत्रपती संभाजीनगर : महाराष्ट्रातील मदरशांच्या आधुनिकीकरणासाठी राज्य शासनाने २०१३ मध्ये सुरू केलेली योजना डॉ. झाकीर हुसेन यांच्या नावाने ओळखली जाते. मराठवाड्यातील मदरशांच्या चालकांना हे नाव शासननिर्णयांतून आणि अर्जांच्या नमुन्यांतून परिचित झाले आहे. देशाचे तिसरे राष्ट्रपती ही त्यांची सर्वमान्य ओळख. मात्र राष्ट्रपतिभवनात पाऊल ठेवण्यापूर्वी आयुष्यातील ऐन उमेदीची बावीस वर्षे त्यांनी एका निर्धन निवासी शिक्षणसंस्थेच्या उभारणीत घालविली, हे तितकेसे ठाऊक नसते. मुस्लिम समाजातील मुलांच्या निवासी शिक्षणात धर्मशिक्षण आणि पाठ्यपुस्तके यांच्या जोडीला मुलाच्या अंगी आत्मविश्वास, जबाबदारी व सहजीवनाची सवय कशी बाणवावी, याचा भारतातील एक महत्त्वाचा प्रयोग त्यांच्या नेतृत्वाखाली दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियामध्ये झाला. त्या प्रयोगाची आणि तो करणाऱ्या शिक्षकाची ही जीवनकथा.

हैदराबादेत जन्म, इटाव्यात जडणघडण

झाकीर हुसेन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबाद येथे झाला. त्या काळी आपला मराठवाडाही त्याच निजामी राज्याचा भाग होता. त्यांचे घराणे मूळचे उत्तर प्रदेशातील फर्रुखाबाद जिल्ह्यातील कायमगंजचे, पठाण वंशाचे. वडील फिदा हुसेन खान वकिलीसाठी हैदराबादेत आले आणि तेथे त्यांनी चांगला जम बसविला. मात्र १९०७ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. झाकीर तेव्हा अवघे दहा वर्षांचे होते. आई नाझनीन बेगम मुलांना घेऊन कायमगंजला परतल्या. पुढे चारच वर्षांत, १९११ मध्ये, प्लेगच्या साथीने त्यांनाही ओढून नेले.

वडिलांच्या मृत्यूनंतर झाकीर यांची रवानगी इटावा येथील इस्लामिया हायस्कूलमध्ये झाली होती. मौलवी बशीरुद्दीन यांनी स्थापन केलेली ही निवासी शाळा साधेपणासाठी आणि कडक शिस्तीसाठी प्रसिद्ध होती. पाच वेळची नमाज, साधे जेवण आणि भपक्याला पूर्ण मज्जाव, असा तेथील दिनक्रम असे. मुख्याध्यापक सय्यद अल्ताफ हुसेन हे मुलांवर माया करणारे शिक्षक होते. आईवडिलांच्या छत्राला पारख्या झालेल्या या मुलाला घर मिळाले ते याच वसतिगृहात.

शाळेच्या वर्गात ते हुशार होतेच, परंतु त्यांच्या व्यक्तिमत्त्वाला आकार आला तो वर्गाबाहेर. तुर्कस्तानशी निगडित युद्धांच्या त्या दिवसांत बातम्या मिळविण्यासाठी ते रेल्वे स्थानकावर जाऊन वर्तमानपत्र आणीत आणि सोबत्यांना वाचून दाखवीत. युद्धग्रस्तांच्या मदतीसाठी त्यांनी सभांतून भाषणे केली, निधी गोळा केला. अनोळखी माणसांसमोर उभे राहून आपले म्हणणे पटवून देणे आणि मिळालेल्या पैशांचा हिशेब चोख ठेवणे, हे धडे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. हसन शाह नावाच्या एका सूफी साधकाचा सहवासही त्यांना याच वयात लाभला. साधेपणा आणि ग्रंथप्रेम यांचा संस्कार तेथून झाला आणि तो अखेरपर्यंत टिकला.

१९१३ मध्ये ते अलीगढच्या मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल महाविद्यालयात दाखल झाले. वैद्यकीय शिक्षणाची इच्छा होती, पण आजारपणाने तो बेत फसला आणि ते अर्थशास्त्राकडे वळले. अलीगढमध्ये वादसभा गाजविणारा विद्यार्थी, हजरजबाबी मित्र आणि काहीसा आळशी अशी त्यांची ख्याती होती. पुढील आयुष्यात ज्यांनी स्वतःला अक्षरशः कामात झिजविले, त्यांच्याविषयी ही आठवण वाचताना मौज वाटते.

तंबूतले विद्यापीठ

ऑक्टोबर १९२० मध्ये महात्मा गांधी आणि अली बंधू असहकाराचा संदेश घेऊन अलीगढला आले. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थांवर बहिष्कार घालावा, हे त्यांचे आवाहन होते. झाकीर हुसेन तेव्हा एम. ए.चे विद्यार्थी होते आणि अर्धवेळ अध्यापनही करीत होते. सुरक्षित भवितव्य समोर असताना त्यांनी ते सोडले. मात्र महाविद्यालय सोडून विद्यार्थ्यांनी जायचे कोठे, हा प्रश्न त्यांना पडला होता. पर्यायी राष्ट्रीय संस्था उभी राहावी, असा आग्रह धरणाऱ्यांत ते अग्रभागी होते. २९ ऑक्टोबर १९२० रोजी जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. देवबंदचे ज्येष्ठ धर्मपंडित मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते पायाभरणी झाली. हकीम अजमल खान कुलपती आणि मौलाना मोहम्मद अली पहिले कुलगुरू झाले. परंपरागत धर्मविद्येचे अधिकारी आणि इंग्रजी शिक्षण घेतलेले तरुण अशा दोन्ही प्रवाहांचा या संस्थेला आधार होता. वर्ग मात्र तंबूंमध्ये भरत असत.

१९२२ मध्ये झाकीर हुसेन उच्च शिक्षणासाठी जर्मनीला गेले. बर्लिन विद्यापीठात वेर्नर झोम्बार्ट यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी ब्रिटिशांच्या भारतातील शेतीविषयक धोरणावर प्रबंध लिहिला आणि १९२६ मध्ये डॉक्टरेट मिळविली. या काळात ग्रंथालयाइतकाच त्यांचा वेळ संगीतसभा, नाट्यगृहे आणि नव्या पद्धतीच्या शाळा पाहण्यात गेला. जर्मन शिक्षणतज्ज्ञ केर्शेनश्टायनर यांच्या कार्यशाळेच्या कल्पनेने ते प्रभावित झाले. हाताने केलेले उपयुक्त काम मुलाचे चारित्र्य घडविते, हा त्या विचाराचा गाभा होता. बर्लिनच्या एका छापखान्यात टाइप जुळविण्याचे काम शिकून त्यांनी गालिबच्या दिवाणाची सुबक आवृत्ती छापून घेतली. पदवीधर माणसाने हात काळे करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

इकडे खिलाफत चळवळ ओसरली होती आणि जामिया बंद करण्याच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. झाकीर हुसेन आणि त्यांचे मित्र आबिद हुसेन व मोहम्मद मुजीब यांनी जर्मनीतूनच आपले आयुष्य संस्थेला देण्याची तयारी कळविली. संस्था १९२५ मध्ये दिल्लीच्या करोल बागेत हलली. १९२६ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, झाकीर हुसेन तिचे शेख-उल-जामिया म्हणजे कुलगुरू झाले.

वीस वर्षांची शपथ

हे पद मानाचे कमी आणि कष्टाचे अधिक होते. १९२७ च्या अखेरीस हकीम अजमल खान यांचे निधन झाले आणि संस्थेचा मोठा आर्थिक आधार गेला. सरकारी मदत घ्यायची नाही, हे तत्त्व होते. संस्थेच्या पदव्यांना सरकारी मान्यता नव्हती. येथे शिकून मुलाला नोकरी काय मिळणार, हा पालकांचा प्रश्न रास्तच होता.

अशा स्थितीत १९२८ मध्ये शिक्षकांनी एक मंडळ स्थापन केले. किमान वीस वर्षे संस्थेची सेवा करायची आणि दरमहा दीडशे रुपयांहून अधिक वेतन घ्यायचे नाही, अशी शपथ मंडळाच्या सदस्यांनी घेतली. प्रत्यक्षात तेवढे वेतनही हाती पडत नसे. कुलगुरूंनी स्वतःचे वेतन सर्वांच्या आधी घटविले. देणगीसाठी त्यांना गावोगाव हिंडावे लागे. सामान्य माणसांकडून छोट्या रकमा जमविणारे हितचिंतकांचे जाळे उभे राहिले आणि त्यावर संस्था तगून राहिली.

मराठी वाचकाला येथे साताऱ्याचे उदाहरण सहज आठवेल. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये तेथे वसतिगृह सुरू केले होते. विविध जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसत आणि श्रम करून शिकत. मराठवाड्यात हिप्परग्याची राष्ट्रीय शाळाही त्याच वातावरणातून उभी राहिली. या संस्थांचे स्वरूप वेगवेगळे होते, पण वसतिगृह ही मुलांच्या राहण्याजेवणाची सोय नसून शिक्षणाचेच स्थान आहे, ही श्रद्धा समान होती.

मुलांची बँक, मुलांचे दुकान

झाकीर हुसेन यांनी विद्यापीठाच्या प्रमुखपदी असूनही आपले सर्वाधिक लक्ष प्राथमिक शाळेकडे दिले. जामियाच्या या निवासी शाळेत लहान वयाची मुले दूरदूरहून येत. अब्दुल गफ्फार मुधोली या निष्ठावान शिक्षकाने पंजाबातील मोगा येथे प्रकल्प पद्धतीचे प्रशिक्षण घेतले आणि ती जामियात रुजविली.

या पद्धतीतून मुलांची बँक निघाली. खाऊचे पैसे मुले तेथे ठेवीत आणि बँकेचे व्यवहारही मुलेच पाहत. मुलांचे दुकान निघाले. वह्या, पेन्सिली आणि खाण्याच्या वस्तू तेथे मिळत आणि त्याची खरेदी-विक्री विद्यार्थी सांभाळीत. मुलांची बाग होती, कोंबडीपालन होते. एवढेच नव्हे, तर मुलांचे स्वतःचे सरकारही होते. निवडणूक, कामांची वाटणी आणि नियमांचे पालन यांचा अनुभव मुलांना त्यातून मिळे. पैकेअदला मेळ बसला नाही, तर गणित चुकले हे शिक्षकाने सांगावे लागत नसे. ज्याचे पैसे होते, तो सोबतीच विचारणा करी. विश्वास, वचन आणि हिशेब या तिन्ही गोष्टी एकाच व्यवहारात मुलाच्या अंगवळणी पडत.

संस्थेचा स्थापनादिन हा आपल्याकडील शाळांच्या स्नेहसंमेलनासारखा मोठा सोहळा असे. प्रदर्शने भरत, स्पर्धा होत, नाटके रंगत. मोहम्मद मुजीब आणि आबिद हुसेन या प्राध्यापकांनी लिहिलेली नाटके विद्यार्थी रंगमंचावर सादर करीत. रंगमंचावर बोलणारा मुलगा जसा घडतो, तसाच पडद्यामागे सामान जुळविणारा आणि पाहुण्यांना बसवून देणारा मुलगाही घडतो, हे येथील शिक्षक जाणून होते. पयाम-ए-तालीम हे मुलांचे मासिक संस्थेतून निघे. झाकीर हुसेन स्वतः मुलांसाठी कथा लिहीत आणि त्या रुकय्या रेहाना या नावाने प्रसिद्ध करीत. अब्बू खान आणि त्यांच्या शेळीची त्यांची कथा आजही उर्दू बालसाहित्यात मानाने वाचली जाते. फ्रेंच लेखक दोदे यांच्या कथेवर आधारलेल्या या गोष्टीत स्वातंत्र्यासाठी लांडग्याशी रात्रभर झुंजणारी शेळी आहे.

वसतिगृहाच्या या जगात एका परदेशी स्त्रीचाही मोठा वाटा होता. गेर्डा फिलिप्सबॉर्न या जर्मन ज्यू महिलेची झाकीर हुसेन आणि त्यांच्या मित्रांशी बर्लिनमध्ये ओळख झाली होती. १९३० च्या दशकाच्या प्रारंभी त्या जामियात आल्या आणि लहान मुलांच्या आपाजान झाल्या. मुलांची स्वच्छता, खेळ आणि आजारपण हे सारे त्या पाहत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मन नागरिक म्हणून त्यांना स्थानबद्धता सोसावी लागली. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि जामियाच्याच भूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली.

धर्मशिक्षण हा जामियाच्या अभ्यासक्रमाचा अविभाज्य भाग होता. तथापि, संस्थेचे दार अन्य धर्मीयांना कधी बंद नव्हते. गांधीजींचे पुत्र देवदास यांनी येथे काही काळ अध्यापन केले होते. आपल्या धर्मात घट्ट पाय रोवून इतरांसमवेत मोकळेपणाने राहता येते, यावर झाकीर हुसेन यांचा विश्वास होता.

दारात बसलेले कुलगुरू

त्यांच्या शिकविण्याच्या रीतीविषयी एक आठवण नेहमी सांगितली जाते. मुलांनी स्वच्छ कपडे आणि चकचकीत बूट घालून शाळेत यावे, अशी सूचना त्यांनी दिली होती. मुलांनी ती मनावर घेतली नाही. एके दिवशी मुले शाळेत आली, तेव्हा कुलगुरू ब्रश आणि पॉलिशची डबी घेऊन दारातच बसले होते. ज्याचे बूट मळलेले, त्याने पाय पुढे करावा आणि कुलगुरूंनी ते पुसून द्यावेत, असा प्रकार सुरू झाला. मुले ओशाळली. त्यानंतर पुन्हा सूचना द्यावी लागली नाही.

दुसरी आठवण अधिक हेलावणारी आहे. प्राथमिक शाळेत मुलांना मिठाई वाटण्याचा कार्यक्रम सुरू असताना, त्यांची धाकटी मुलगी रेहाना हिच्या निधनाची वार्ता कोणीतरी त्यांच्या कानात सांगितली. त्यांनी वाटप थांबविले नाही. मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद मावळू नये म्हणून कार्यक्रम पूर्ण केला आणि मगच ते घरी गेले. बालकथांवर त्यांनी घातलेल्या रुकय्या रेहाना या नावामागे या कन्येची स्मृती आहे.

१ मार्च १९३५ रोजी यमुनाकाठच्या ओखला येथे संस्थेच्या नव्या इमारतीची पायाभरणी झाली. देशातील कोणीही मोठा नेता सहज आला असता, पण तो मान शाळेतील सर्वांत लहान विद्यार्थ्याला देण्यात आला. संस्था कोणासाठी आहे, हे यातून सर्वांना समजले.

वर्धा येथील परिषद

महाराष्ट्राच्या भूमीशी त्यांचा संबंध आला तो १९३७ मध्ये. २२ आणि २३ ऑक्टोबर रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्धा येथे राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. हस्तव्यवसायातून शिक्षण द्यावे आणि मुलांनी तयार केलेल्या वस्तूंतून शाळेचा खर्च निघावा, असा विचार गांधीजींनी मांडला. उपस्थितांपैकी बहुतेकांचा कल मान डोलाविण्याकडे असताना झाकीर हुसेन यांनी स्पष्ट शंका उपस्थित केल्या. कामातून शिक्षण ही कल्पना त्यांना मान्यच होती. मात्र शाळा स्वावलंबी करण्यावर अवाजवी भर दिल्यास शिक्षक मुलांकडून केवळ उत्पादन करून घेतील, हा धोका त्यांनी दाखवून दिला.

गांधीजींनी या टीकाकारालाच अभ्यासक्रम समितीचे अध्यक्ष केले. दोन महिन्यांच्या आत समितीचा अहवाल तयार झाला. १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने ही योजना स्वीकारली आणि सेवाग्रामच्या हिंदुस्थानी तालीमी संघाचे अध्यक्षपद झाकीर हुसेन यांच्याकडे आले. नयी तालीम या नावाने ती देशभर पोहोचली. मुस्लिम लीगने तिच्यावर कठोर टीका केली, ती झाकीर हुसेन यांच्याही वाट्याला आली. पुढे अनेक शाळांत ही योजना टकळी फिरविण्यापुरती उरली, तेव्हा त्यांनी आपली निराशा जाहीरपणे व्यक्त केली. त्यांनी दिलेला इशारा खरा ठरला होता.

आग आणि आशा

नोव्हेंबर १९४६ मध्ये जामियाचा रौप्यमहोत्सव साजरा झाला. देशात दंगली उसळल्या होत्या. अशा वेळी जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, महंमद अली जीना आणि लियाकत अली खान यांना एका व्यासपीठावर आणण्याची किमया त्यांनी साधली. द्वेषाची ही आग विझविल्याखेरीज मुलांना माणूस म्हणून वाढविणे अशक्य आहे, अशी कळकळीची विनवणी त्यांनी या नेत्यांना केली. ती आग विझली नाही. ऑगस्ट १९४७ मध्ये काश्मीरला जाताना जालंधर स्थानकावर ते स्वतः जमावाच्या तावडीत सापडले. एक शीख लष्करी अधिकारी आणि एक हिंदू रेल्वे अधिकारी यांच्यामुळे त्यांचे प्राण वाचले. परतल्यावर ते पुन्हा कामाला लागले, मनात कटुता न ठेवता.

१९४८ मध्ये ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू झाले. फाळणीनंतर अनिश्चिततेच्या गर्तेत सापडलेली ही संस्था त्यांनी १९५६ पर्यंत सावरली. १९५७ ते १९६२ बिहारचे राज्यपाल, त्यानंतर उपराष्ट्रपती आणि १३ मे १९६७ रोजी राष्ट्रपती, असा पुढील प्रवास झाला. १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न सन्मान मिळाला. या सर्वोच्च पदावर पोहोचलेले ते पहिले मुस्लिम नागरिक. गुलाबांची आवड, अश्मांचा संग्रह आणि माणसांचा लोभ त्यांनी तेथेही जपला. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपतिपदावर असतानाच त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन जामियाच्या आवारात, त्यांनी घडविलेल्या शाळेच्या सान्निध्यात झाले.

नावामागचा अर्थ

संवादकौशल्य, नेतृत्व, संघभावना, वेळेचे नियोजन यांना आज सॉफ्ट स्किल्स असे नाव मिळाले आहे आणि त्यासाठी शहरोशहरी सशुल्क वर्ग चालतात. झाकीर हुसेन यांच्या काळी हा शब्द नव्हता. त्यांच्या वसतिगृहात ही कौशल्ये वेगळा तास घेऊन शिकविली जात नसत. दुकान, बँक, बाग, रंगमंच आणि जेवणाची पंगत हेच त्यांचे वर्ग होते.

राज्याच्या मदरसा आधुनिकीकरण योजनेत विज्ञान, गणित, समाजशास्त्र, मराठी, हिंदी, इंग्रजी आणि उर्दू हे विषय शिकविणाऱ्या शिक्षकांच्या मानधनाची तसेच पायाभूत सुविधांसाठी अनुदानाची तरतूद आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने डी.एड. शिक्षकांचे मानधन ६ हजारांवरून १६ हजार आणि बी.एड. शिक्षकांचे ८ हजारांवरून १८ हजार रुपये करण्याचा निर्णय घेतला. हे पाऊल स्वागतार्हच आहे. कारण शिक्षक अर्धपोटी राहिला, तर शाळा कशी चालते, हे शपथ घेणाऱ्या त्या जामियाच्या शिक्षकांनी सोसले होते.

परंतु ज्यांचे नाव या योजनेला दिले आहे, त्यांचा आग्रह विषयांच्या यादीपाशी थांबत नव्हता. घरापासून दूर, निवासी मदरशात राहणाऱ्या मुलाचा दिवस पहाटेच्या नमाजपासून रात्रीच्या झोपेपर्यंत संस्थेच्या स्वाधीन असतो. वर्गाचे काही तास वगळता उरलेल्या वेळेचे काय होते, यावर त्याचे माणूसपण ठरते. त्या वेळेत त्याला मैदान मिळते का, चार माणसांसमोर मराठीत किंवा उर्दूत बोलण्याची संधी मिळते का, एखाद्या कामाची किल्ली विश्वासाने त्याच्या हाती दिली जाते का, हे प्रश्न झाकीर हुसेन यांनी विचारले असते. यातील बहुतेक गोष्टींना मोठा निधी लागत नाही. मुलांचे दुकान एका पेटीत मावते आणि मुलांची बँक एका वहीवर चालते. लागतो तो मुलावर विश्वास टाकणारा शिक्षक. तसा शिक्षक शाळाशाळांतून उभा राहिला, तर योजनेला दिलेले नाव सार्थ होईल.